दारात उभा प्लॅटिनम मेंबर

"गायकवाड सर स्वतः बसणार असतील तरच हे टेबल देता येईल," दारातली मुलगी म्हणाली. आमच्या कंपनीचे एमडी करंदीकर साहेब मागे वळून पाहायला लागले. हे गायकवाड सर कोण, हे त्यांना खरोखरच कळलं नव्हतं.

मागे मी उभा होतो. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात साहेबांची लॅपटॉपची बॅग. एकोणीस वर्षं मी त्यांच्या कंपनीत आहे. या काळात त्यांनी मला 'गायकवाड' म्हटलंय, घाई असेल तेव्हा 'अरे गायकवाड' म्हटलंय. माझ्या नावापुढे 'सर' लागलेलं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. खरं सांगायचं तर मीही पहिल्यांदाच ऐकलं.

साहेबांच्या शेजारी आमचे पाहुणे होते, कोइमतूरचे षण्मुगम. साठी उलटलेले, पांढरा शर्ट, खिशाला साधं पेन. त्यांचा पंपांचा मोठा कारखाना आहे. आम्ही रबाळ्याला व्हॉल्व्ह बनवतो. त्यांच्या पंपांवर आमचे व्हॉल्व्ह बसावेत म्हणून सहा महिने खटपट चालली होती. आमची एक प्रॉडक्शन लाइन, लाइन टू, बंद पडली होती आणि ही ऑर्डर आली नाही तर त्या लाइनवरची माणसं कमी करायची, असं ठरल्यातच जमा होतं. आता सगळं घोडं एका मुलीच्या हातातल्या टॅबवर अडलं होतं.

हे कसं झालं ते पहिल्यापासून सांगतो.

मी ॲडमिनमध्ये आहे. कंपनीत ज्या कामाला कुणी वाली नसतो ते काम ॲडमिनचं. एसी गळतोय, व्हिजिटरचा गेटपास हवाय, दिवाळीची मिठाई कमी पडली, सगळं आमच्याकडे. साहेब लोकांची बाहेरची जेवणंही आमच्याकडे.

पूर्वी टेबल हवं असलं की मी रेस्टॉरंटच्या मॅनेजरला फोन करायचो. "कोपऱ्यातलं द्या, एसीखालचं नको," एवढं सांगितलं की झालं. मग टेबल बुक करायची ॲप आली. बुकिंग केलं की आपल्या मोबाइलवर चार आकडी कोड येतो. पोचल्यावर तो दारात सांगायचा. सांगितला की टेबल 'सीटेड' होतं, म्हणजे माणसं येऊन बसली अशी नोंद होते. नाही सांगितला तर 'नो-शो'. दोन-चार नो-शो झाले की ॲप तुमचं बुकिंग घेत नाही.

सुरुवातीला मी कोड सेल्सच्या साहेबांना फॉरवर्ड करायचो. पण ते तो वाचायचेच नाहीत. दारात पोचले की मला फोन करून विचारायचे. एकदा फोन आला तेव्हा मी डेंटिस्टच्या खुर्चीत आ वासून पडलो होतो. त्या दिवशी नो-शो लागला आणि सगळा ठपका माझ्यावर आला. तेव्हापासून मी स्कूटर काढून स्वतःच पुढे जायला लागलो. साहेबांची गाडी यायच्या आधी दारात हजर. कोड सांगायचा, टेबल बघायचं, मंडळी बसली की मी बाहेर.

बाहेर म्हणजे पार्किंगमध्ये, साहेबांचा ड्रायव्हर म्हात्रे याच्यासोबत. म्हात्रे सानपाडा गावातला, इथला मूळचा. ड्रायव्हर लोकांना पुष्कळदा किचनमधून पार्सल मिळतं. म्हात्रे अर्धं माझ्यापुढे सरकवायचा. "खा रं गायकवाड. बिर्यानी हाय, गरम हाय. कोन बगतंय?"

मी कधी खाल्लं नाही. मला बिर्याणी आवडत नाही असं नव्हे. माझे वडील परभणीकडच्या खेड्यातून इथे केमिकल कंपनीत कामाला आले. गावात लग्नकार्य असलं की इतरांच्या पंगती उठेपर्यंत त्यांना लांब उभं राहावं लागायचं आणि मग जे उरेल ते मिळायचं. इथे आल्यावर त्यांनी घरात एकच नियम केला. कुणी 'बसा' म्हटल्याशिवाय जेवायचं नाही. नोकरी, भाडं, आजारपण, सगळ्यात त्यांनी तडजोड केली; या नियमात केली नाही. ते गेले, नियम राहिला.

ॲपला मात्र यातलं काही माहीत नव्हतं. ॲपच्या लेखी प्रत्येक वेळी जेवत होतो मी. जितकी डोकी बसतील तितके पॉइंट बुकिंग करणाऱ्याच्या नावावर. जेवणानंतर रिव्ह्यू लिहिला की आणखी पॉइंट. जेवण कसं होतं हे मला कळायची सोय नव्हती, म्हणून मी जे दिसायचं ते लिहायचो. पार्किंगमध्ये गाडी वळते का. बाथरूममध्ये टॉवेल कोरडा असतो का. बिल मागितल्यापासून बिल यायला किती वेळ लागतो. ड्रायव्हरला कुणी पाणी विचारतं का. लोकांना हे रिव्ह्यू फार आवडायला लागले. बाकीचे सगळे 'चिकन जूसी होतं' लिहायचे. चिकनवाल्या शंभर रिव्ह्यूंमध्ये बाथरूमवाला मी एकटाच.

नऊ वर्षांत मी सिल्व्हर झालो, गोल्ड झालो, मग प्लॅटिनम. वाशी-बेलापूरकडच्या रेस्टॉरंटांत माझी दहशत बसली. मॅनेजर बाहेर येऊन म्हणायचे, "सर, एक वेलकम ड्रिंक तरी?" मी म्हणायचो, "नको, मी थांबत नाही." त्यांची अशी समजूत झाली की हा माणूस इतका खडूस आहे की आमचं अन्न तोंडातसुद्धा घालत नाही. प्लॅटिनमचा मेसेज आला तो माझी बायको मंगल हिने मोठ्याने वाचला. "विलास, तुमच्यासारखा चोखंदळ खवय्या आमचा अभिमान आहे." वाचता वाचता ती माझ्या ताटात शेपूची भाजी वाढत होती.

प्लॅटिनमला एक बक्षीस होतं. वर्षातून एकदा, पाम बीच रोडवरच्या खाडी दिसणाऱ्या नव्या रेस्टॉरंटात 'शेफ्स टेबल'. म्हणजे किचनला लागून असलेलं टेबल. तिथे मेनू कार्ड नसतं, शेफ स्वतःच्या मनाने एकेक पदार्थ पाठवतो. आणि हे फुकट.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. मंगल सानपाड्याच्या एका शाळेत क्लार्क आहे, फॉर्म भरणं तिच्या हातचा मळ. तिने रविवारचं टेबल घेतलं. दोन माणसं. आवडीनिवडीच्या रकान्यात 'तिखट चालेल, ठेचा आवडतो'. ऑकेजनच्या रकान्यात 'पंचवीस वर्षं'. फोटो मागितला होता, तो आमच्या लग्नातला टाकला. मग तिने कपाटातून एक साडी काढून इस्त्रीला दिली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण आम्ही दोघंच कुठे जेवायला गेलोय असं एकदाही झालं नव्हतं. आधी माझे आईवडील, मग मुलाची शाळा, मग मुलाची फी. आता मुलगा पुण्याला होता आणि कारणं संपली होती.

त्याच आठवड्यात एचआरच्या खन्ना मॅडमनी मला बोलावलं. षण्मुगम गुरुवारी येणार होते. साहेबांना ते खाडीवालंच रेस्टॉरंट हवं होतं आणि ते दीड महिना फुल होतं.

"विलास, सुना है आप प्लॅटिनम हो?" मॅडम म्हणाल्या.

"हो मॅडम. पण ते पर्सनल आहे."

"पर्सनल कैसे? खाना तो कंपनी ने खाया ना? मॉरली वो पॉइंट्स कंपनी के हैं."

मॉरली हा शब्द एचआरमध्ये निघाला की समजायचं, नियमात काही सापडलेलं नाही. मी तसं बोललो नाही. तेवढ्यात करंदीकर साहेब आत डोकावले. "गायकवाड, लाइन टू सुरू व्हायला हवी की नाही? मग बघ काय ते." आणि गेले.

लाइन टूवरची माणसं मी रोज गेटवर पाहतो. मी हो म्हणालो.

आता इथे माझी व्यावसायिक चूक झाली. ॲडमिनमध्ये आम्ही कधी कॅन्सल करत नाही, सरकवतो. मीटिंग सरकवतो, गाडी सरकवतो, एसीवाल्याला सरकवतो. कॅन्सल केलं की कारण द्यावं लागतं, सरकवलं की लागत नाही. मी मंगलचं बुकिंग उघडलं आणि रविवारचं गुरुवारवर सरकवलं. दोन माणसं तिथेही होती, दोन इथेही. आकडा बदलायची गरज पडली नाही, म्हणून खालचे रकाने मी पाहिलेच नाहीत. पाहुणे शाकाहारी आहेत एवढं फोन करून कळवलं.

संध्याकाळी मंगलला सांगितलं. ती गव्हाचं पीठ चाळत होती. चाळत राहिली.

"अहो, नऊ वर्षं दारात तुम्ही उभे राहिलात. आणि बसणार ते?"

"ऑर्डरचा प्रश्न आहे गं. पुढच्या वर्षी पुन्हा मिळेल."

"पुढच्या वर्षी सव्वीस होतील," ती म्हणाली. साडी तिने पुन्हा कपाटात ठेवली. मला फार वाईट वाटलं. मी ते तिला सांगितलंसुद्धा नाही, कारण सांगून ते काही कमी होणार नव्हतं.

तर गुरुवारी दुपारी, असे आम्ही दारात.

"लोक प्लॅटिनमची टेबलं विकायला लागले, सर," ती मुलगी समजावत होती. "म्हणून आता मेंबर स्वतः बसायलाच लागतात."

"गायकवाड, अटी वाचल्या नव्हत्यास?" साहेब हळू आवाजात म्हणाले.

"सर, अटी बावीस पानं आहेत."

षण्मुगम घड्याळाकडे बघून इंग्रजीत म्हणाले, "तो बसेल की आमच्याबरोबर. खुर्चीच तर लागते." त्यांना यात अडचण काय हेच कळत नव्हतं. साहेबांना कळत होतं, पण सांगता येत नव्हतं.

मुलीने आम्हाला आत नेलं. किचनजवळच्या टेबलाला शेजारी शेजारी दोन खुर्च्या, दोन्हींच्या पाठीला मोगऱ्याचे गजरे बांधलेले. मध्ये सोनेरी कार्ड, त्यावर भलामोठा आकडा, पंचवीस. मंगलने भरलेले रकाने मला आत्ता आठवले. तोवर मुलीने एक गजरेवाली खुर्ची मागे ओढली आणि म्हणाली, "बसा ना, सर."

मी बसलो. वडिलांची फार आठवण झाली.

पाहुण्यांसाठी तिसरी, साधी खुर्ची आणली जात होती. षण्मुगम म्हणाले, "मला कंबरेचा त्रास आहे, साधीच बरी," आणि तीवर बसले. राहिली दुसरी गजरेवाली. करंदीकर साहेब माझ्या शेजारी, मोगऱ्यात, नवरीच्या जागेवर बसले.

"पंचवीस म्हणजे काय?" षण्मुगमनी कार्ड पाहून विचारलं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात साहेबांनी इंग्रजीतून सांगून टाकलं, "गायकवाडची कंपनीत पंचवीस वर्षं झाली. म्हटलं, तुमच्यासमोरच साजरी करू. आमच्याकडे माणसं फॅमिलीसारखी असतात."

षण्मुगम एकदम हेलावले. त्यांच्या वडिलांच्या वेळचा एक फिटर होता, त्याच्याबद्दल ते कितीतरी वेळ बोलत राहिले. मग मला विचारलं, "तुमचं पद काय?"

"हेड, ॲडमिनिस्ट्रेशन," साहेब म्हणाले.

मी एक्झिक्युटिव्ह आहे. चार वर्षं प्रमोशनची फाइल एचआरमध्ये पडून होती. दारापासून टेबलापर्यंत मला सहा वर्षांची जादा नोकरी मिळाली आणि बसल्या बसल्या दोन पायऱ्या वर चढलो. मला हसूही येत होतं आणि संतापही येत होता. लाइन टूसाठी गप्प बसलो.

पदार्थ यायला लागले. मोठ्या पांढऱ्या बशीत मध्यभागी एवढासा घास. मंगलने लिहिलं होतं त्याप्रमाणे शेफने ठेच्याचा फेस केला होता. साबणाच्या फेसासारखा हिरवट दिसणारा, पण आत अस्सल लवंगी मिरची. साहेबांना ॲसिडिटी आहे. त्यांनी फेस म्हणून चमचाभर घेतला आणि पुढची पाच मिनिटं पाणी पीत राहिले. षण्मुगमनी दोनदा मागून घेतला.

मग किचनचं दार उघडलं आणि सगळा स्टाफ टाळ्या वाजवत केक घेऊन बाहेर आला. केकवर फोटो होता. पांढऱ्या साडीतली मंगल आणि तिच्या शेजारी हडकुळा मी. खाली क्रीमने लिहिलं होतं, 'हॅपी ट्वेंटी-फिफ्थ, मंगल अँड विलास'.

षण्मुगमनी चष्मा लावून केक वाचला. मग विचारलं, "मंगल कौन है?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा उत्तरासाठी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वेळ मारून नेऊ शकलो असतो, मला ते येतं. पण फोटोतली मंगल समोर होती आणि कपाटातली साडी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"सर, कंपनी में उन्नीस साल हुए," मी म्हणालो. "पच्चीस साल इसके साथ हुए. ये टेबल इसका था. आपके लिए सरकाया."

स्टाफच्या टाळ्या थांबल्या.

"पण तुम्ही कंपनी म्हणालात," षण्मुगम साहेबांना म्हणाले.

"म्हणजे... टोटल एक्स्पीरियन्स," साहेब म्हणाले.

षण्मुगमनी चमचा खाली ठेवला. माझ्या डोळ्यांपुढे लाइन टूची सगळी माणसं उभी राहिली. आपल्या खरेपणाची फुकटची हौस त्यांना महागात पडणार असं वाटलं. मग ते मला म्हणाले, "मॅडम कहाँ हैं?"

"स्कूल में, सर. सानपाडा."

"कितना दूर?"

"दस मिनट."

"बुलाइए. दूसरे की बीवी का केक मैं नहीं काटता."

म्हात्रे साहेबांची गाडी घेऊन गेला. नंतर मंगलने सांगितलं की तो शाळेच्या ऑफिसात घुसून म्हणाला, "वयनी, चला, गारी आनलीय. तुमचा नवरा आत बसलाय." 'आत बसलाय' ऐकून तिला वाटलं, पोलिसांनी नेलं. ती तशीच निघाली, बोटांना स्टॅम्प पॅडची शाई, खांद्याला डब्याची पिशवी.

ती टेबलापाशी आली तसे करंदीकर साहेब दचकून उठले. त्यांची खुर्ची तिची होती, गजऱ्यासकट. मंगल बसली. चौथी खुर्ची अजून आली नव्हती, त्यामुळे साहेब नुसतेच उभे राहिले, हात पोटावर बांधून. नेमके तिथे, जिथे मी एरवी उभा असतो. मंगलने त्यांच्याकडे पाहिलं. तिला आमच्यात काय घडलं होतं याची काहीच कल्पना नव्हती. वेटर खुर्ची घेऊन आला तशी ती म्हणाली, "बसा ना साहेब, उभे का? आमच्याकडे पाहुणा उभा राहिलेला चालत नाही."

साहेब बसले.

षण्मुगमनी तिला हिंदीत विचारलं, "हे घरी वेळेवर येतात का?"

"येतात की," मंगल म्हणाली. "साहेबांना जेवायला घालून येतात आणि उपाशी येतात."

मी ते हिंदीत सांगायचं टाळलं. पण षण्मुगमना बहुतेक कळलं. साहेबांना तर मराठी येतंच.

ऑर्डर आली. मागितली त्याच्या निम्मी, पण लाइन टू सुरू झाली. षण्मुगमच्या मेलमध्ये एक अट होती, डिलिव्हरीच्या सगळ्या तारखा मेलवर कळवाव्यात आणि प्रत्येक मेलची कॉपी मिस्टर गायकवाडना असावी. तेव्हापासून व्हॉल्व्हमधलं ओ की ठो न कळणाऱ्या माझ्याकडे प्रॉडक्शनचे मेल येतात, आणि तारखा बऱ्यापैकी खऱ्या असतात.

खन्ना मॅडमनी सर्क्युलर काढलं. यापुढे बुकिंग कंपनीच्या नावे, कंपनीच्या नंबरवर, पॉइंट कंपनीचे. कंपनीचा नंबर म्हणजे रिसेप्शनची लँडलाइन. तिच्यावर कोड येत नाही. तीन आठवड्यांत चार नो-शो लागले आणि सर्क्युलर न बोलता मागे पडलं. प्रमोशनची फाइल मात्र एकदाची हलली, कारण षण्मुगम पुन्हा येणार होते आणि त्यांनी माझं व्हिजिटिंग कार्ड मागितलं होतं.

माझ्या कामातल्या लोकांना एवढंच सांगेन की टेबल सरकवताना खालचे रकाने तपासावेत. मी स्वतः अजूनही तपासत नाही.

एक राहिलं. त्या संध्याकाळी घरी आल्यावर नेहमीप्रमाणे ॲपने विचारलं, कसा होता अनुभव? मी सवयीने पार्किंगपासून सुरुवात केली. मंगलने माझ्या हातातून फोन काढून घेतला, माझं लिहिलेलं पुसलं आणि प्लॅटिनम मेंबर विलास गायकवाड यांच्या नावावर स्वतःच लिहिलं, 'खुर्च्या चांगल्या आहेत. नऊ वर्षं यांना माहीत नव्हतं.'